राहीबाईच्या कोंबड्यांची गादी

मी आधीच सांगून टाकते, मला कोंबड्या आवडत नाहीत. खायचा तर प्रश्नच नाही. आम्ही जैन, आमच्या घरात अंड्यानं कधी उंबरा ओलांडलेला नाही. पण नुसतं बघायलासुद्धा मला ते पाखरू आवडत नाही. आणि असं असूनही आज आमच्या गल्लीत कोंबड्यांच्या पायाखाली काय पसरावं अशी कुणाला शंका आली, की लोक सरळ माझ्याकडं येतात. देवळातून परत येताना मला रस्त्यात उभं करून विचारतात, "राजमती अक्का, भाताचा तूस बरा का शेंगांची फोलपटं?" मी पूजेचं ताट हातात धरून सांगते, "फोलपटं. पण कोरडी." ह्या सगळ्याला जबाबदार एकच बाई, राहीबाई.

राहीबाई माझी शेजारीण. आमचं गाव सांगलीच्या अलीकडं, कृष्णेच्या काठाला. जमीन अशी काळी आणि चिकट, की पावसाळ्यात पायातली चप्पल ओढून घेते. तिचं परडं आणि माझं परडं ह्यांच्यामध्ये पुरुषभर उंचीची एक भिंत आहे. छत्तीस वर्षं आम्ही त्या भिंतीवरून बोलतोय. मी माझ्या बाजूला एका दगडावर चढते, ती तिच्या बाजूला पालथ्या घमेल्यावर. ती उंचीनं एवढीशी, पण आवाज असा की भिंत मधे आहे म्हणून बरं.

माहेर तिचं वडूजकडचं. तिकडं माळ, मुरमाड जमीन, पाऊस नावाला. तिचा नवरा फौजेत होता, तो आठ वर्षांपूर्वी वारला. मुलगा विश्वजित, तोही फौजेतच. सून संयोगिता आणि नातवंडं त्याच्याबरोबर लांब राजस्थानात क्वार्टरमध्ये. म्हणजे एवढ्या मोठ्या घरात राहीबाई एकटी आणि तिच्या अठरा कोंबड्या. त्या कोंबड्यांशी ती दिवसभर बोलते. सकाळी त्यांना काल टीव्हीवर काय दाखवलं ते सांगते. मी एकदा विचारलं, "अगं, त्यांना काय कळतंय?" तर म्हणाली, "अक्का, विश्वाला फोनवर सांगितलं तरी त्यो हां हां म्हनतोय. ह्या निदान माझ्या तोंडाकडं बगत्यात."

आधी त्या कोंबड्या मोकळ्या फिरायच्या, उकिरड्यावर जायच्या, उसाच्या बांधावर जायच्या, आणि तिन्हीसांजेला खुराड्यात यायच्या. पण गेल्या उन्हाळ्यात भटक्या कुत्र्यांनी एका दुपारी चार कोंबड्या मारल्या. राहीबाई दोन दिवस जेवली नाही. मे महिन्यात विश्वजित सुट्टीवर आला आणि त्यानं आईसाठी परड्यात जाळी मारून दिली. जवानानं बांधलेलं कुंपण ते! लोखंडी अँगल, बारीक जाळी, वर पत्रा, दाराला दोन कड्या. सीमेवर तरी एवढा बंदोबस्त असेल का कोण जाणे. आणि उभं केलं कुठं? बरोब्बर आमच्या सामाईक भिंतीला लागून.

जून असातसा गेला. आषाढ लागला आणि वास सुटला. वास म्हणजे काय सांगू तुम्हाला! नाकात नाही, डोळ्यात शिरायचा. मी मागच्या सोप्यात जपाला बसायची, आणि डोळ्यातून धारा. आमचे मालक जयपाल, अतिशय शांत माणूस, चाळीस वर्षांत आमच्या तेलघाण्याच्या आवाजाची तक्रार केली नाही त्यांनी, तेसुद्धा एक दिवस ताटावरून उठले. मग मी गप्प बसते होय? दगडावर चढले.

"राहीबाई! अगं राहीबाई! जिवंत आहेस का त्या वासानं गेलीस?"

"आवं हाय की," ती पलीकडून म्हणाली. "मलाबी येतोय. मी काय नाक घरात ठिवून आली न्हाई."

"मग काहीतरी कर की!"

"करती की! रोज झाडती, रोज सडा टाकती, मंगळवार-शुक्रवार सारवतीसुदिक."

मी टाचा उंचावून पलीकडं बघितलं. कपाळ माझं! त्या बाईनं कोंबड्यांची जाळी अंगणासारखी लख्ख ठेवली होती. सकाळी झाडायचं, एक काडी शिल्लक ठेवायची नाही, आणि मग वर शेणाच्या पाण्याचा सडा. रांगोळी तेवढी काढायची राहिली होती. वडूजच्या मुरमाड जमिनीवर हे सगळं घटकाभरात वाळत असेल. आमच्या काळ्या मातीत ते वाळतंय कशाला? अठरा कोंबड्या, त्यांची घाण, रोजचं पाणी आणि वर पाऊस. सगळ्याचा नुसता राबडा.

आता माझी अडचणही ऐका. भाद्रपदात पंचमीपासून आमचं दशलक्षण पर्व लागतं. दहा दिवस व्रत, पूजा, ज्याला झेपेल तसे उपवास. माझी नात ब्राह्मी, माझ्या मुलाची, सम्मेदची लेक, पुण्यात शिकते. तिनं ह्या वर्षी पहिल्यांदाच दहाच्या दहा उपवास करायचं ठरवलं होतं, फक्त गरम पाणी घेऊन, आणि तेही गावी येऊन, आजीजवळ. मला केवढा अभिमान! पण रिकाम्या पोटी हा वास? पोरगी दुसऱ्या दिवशी आडवी पडली असती.

माझं डोकं फिरलं की माझ्या जिभेला लगाम राहत नाही. मी म्हणाले, "हे बघ राहीबाई, पंचमीपर्यंत वास गेला तर ठीक. नाहीतर कोंबड्या वडूजला तुझ्या बहिणीकडं सोडून यायच्या. मी स्पष्ट सांगते."

पलीकडून ती हळूच म्हणाली, "बरं अक्का."

तो "बरं" मला टोचला. पण मी दगडावरून खाली उतरले ती नाक वर करूनच.

राहीबाईनं जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. शंभूराज त्यांचं नाव, तरुण माणूस, घाईत असतो. त्यानं फोनवर सांगितलं, "मावशी, पहिला सडा बंद करा. आणि कोंबड्यांना गादी करा. चांगली चार इंचाची गादी पाहिजे." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीवरून डोकावले आणि मला माझे डोळे खरे वाटेनात. जाळीमध्ये गादी! खरीखुरी, कापसाची, लाल फुलाफुलांची गादी. राहीबाईच्या लग्नातली, तिच्या आईनं वडूजच्या पिंजाऱ्याकडून भरून दिलेली. तिच्यावर अठराजणी ऐसपैस बसलेल्या. कोंबडा उशाला.

"राहीबाई, हे गं काय?"

"डाक्टर म्हनले, चार इंचाची गादी करा. मी पट्टी लावून मोजली, साडेतीन भरली. म्हनलं, अर्ध्या इंचानं काय हुतंय?"

"अगं, तुझ्या लग्नातली गादी ती!"

"मग काय करू? अक्का, तुमी म्हनालात न्हवं, पंचमीपतूर."

मला हसू आवरेना आणि तिच्या तोंडाकडं बघून हसवेनाही. तासाभरात कोंबड्यांनीच काय ते केलं. उकरणं हा त्यांचा धर्म. त्यांनी कापड फाडलं, कापूस बाहेर काढला, आणि वाऱ्याबरोबर तो आमच्या परड्यात आला. माझ्या वाळत घातलेल्या सगळ्या साड्यांना कापूस. आमचे मालक बाहेर आले आणि म्हणाले, "राजमती, बर्फ पडतोय काय?"

दुपारी डॉक्टर स्वतः आला. ती गादी बघून तो जाळीच्या दारातच खाली बसला आणि पोट धरून हसला. बराच वेळ. शेवटी राहीबाई चिडली, "आता दात काडून झालं आसंल तर सांगा की, मी काय चुकली?" तेव्हा त्यानं समजावलं. गादी म्हणजे कापसाची नव्हे. जमिनीवर भाताचा तूस, लाकडाचा भुसा, फोलपटं असलं काहीतरी कोरडं पसरायचं, त्या थराला गादी म्हणतात. कोंबडीची घाण त्यात मुरते, सुकते, कोंबड्या स्वतःच उकरून खालीवर करतात, वास राहत नाही. ओलं झालं की मात्र संपलं.

"आन झाडायचं कवा?" राहीबाईनं विचारलं.

"झाडायचंच नाही, मावशी. रोज हलवायचं, ओलं झालं तर तेवढंच काढायचं. बाकी महिनोन्महिने तसंच ठेवायचं."

राहीबाईचा चेहरा पडला. सगळं ऐकलं तिनं, पण हे तिला झेपेना. "म्हंजे घान तिथंच ठिवायची? आन झाडू?" असं तिनं तीनदा विचारलं. जाता जाता डॉक्टर भिंतीजवळच्या कोपऱ्यात पाय आपटून म्हणाला, "इथं पत्र्याखाली पाऊस येत नाही, तरी एवढं ओलं कसं?" राहीबाई म्हणाली, "पावसाळाच हाय, व्हायचंच की." आणि विषय संपला.

आता आमच्या भागात फुकट काय मिळतं? उसाचं पाचट. राहीबाईनं चुलत दिराच्या उसातून चार भारे आणले आणि अख्खं पाचट जाळीत अंथरलं. दिसायला झकास. पण पाचटाची ती लांब लांब पाती एकावर एक बसली, चटईसारखी घट्ट झाली. कोंबड्यांना ती उकरेनात. वर घाण, खाली पाणी. आठव्या दिवशी पांढरी बुरशी धरली आणि आधीचा वास परवडला म्हणायची वेळ आली.

श्रावण निम्मा झाला होता. मला राहवेना. छत्तीस वर्षांत जे केलं नव्हतं ते मी केलं. नाकाला पदर लावला आणि राहीबाईच्या परड्यात, त्या जाळीत पाऊल टाकलं. कोंबडा माझ्या पायाशी आला. मी किंचाळले. राहीबाईनं त्याला बाजूला सारलं आणि म्हणाली, "भिऊ नका, त्यो निस्ता आवाजच करतोय. पुरुषमानूस हाय."

मी मूठभर पाचट उचललं, वास घेतला आणि मला एकदम सगळं कळलं. अहो, हे तर माझ्या रोजच्या कामातलं! आम्हा जैन बायकांचा सगळा जन्म कशात जातो? ओल आली की जीव पडतात, एवढ्या एका धाकात. पिठाचा डबा, डाळीची बरणी, पाट्यावरचं फडकं, काहीही ओलं राहू द्यायचं नाही. किडा झाला आणि मेला तर पाप आपल्या माथी. पावसाळ्यात धान्य कसं राखायचं हे मला माझ्या सासूनं कान पिळून शिकवलंय. ज्या बाईला चाळीस वर्षं घरात एक सोंडा किडा होऊ न देता गहू ठेवता येतो, तिला एक कोंबड्यांची जाळी कोरडी ठेवता येणार नाही?

"पदर खोच," मी राहीबाईला म्हणाले. "हे सगळं बाहेर काढ."

मग मी जो सपाटा लावला! वरची काळी माती एक वीत खरवडून काढायला लावली. तिथं मुरूम टाकला, चोपला, बाहेरच्या बाजूला उतार दिला. राहीबाई मुरूम बघून एवढी खूश झाली, की तो हातात घेऊन म्हणाली, "ही खरी माती. ह्याला म्हनायचं जमीन." पश्चिमेकडनं पावसाची झड यायची, तिथं गोणपाटाचे पडदे लावले. आणि अंथरायला काय, तर आमच्या घाण्यावरची शेंगांची फोलपटं. जाड, मोकळी, कोरडी, कोंबडीच्या पायाला उकरायला हलकी. त्यात थोडा भाताचा तूस मिसळायचा, म्हणजे खालची ओल ओढून घेतो.

घरी बोलले तर मालकांनी चष्मा काढला. "आपल्या घाण्यावरची फोलपटं? कोंबड्यांना?"

"मग काय झालं? जीवच आहेत ना ते?"

"जीव आहेत, पण पुढं त्यांचं..."

"पुढचं मला सांगू नका," मी म्हणाले. त्या कोंबड्यांचं पुढं काय होतं ह्याबद्दल राहीबाईनं आणि मी छत्तीस वर्षांत एक अक्षर काढलेलं नाही. आमचं शेजार टिकलं ते त्यामुळंच. मालकांनी चष्मा पुसून परत डोळ्यावर चढवला. म्हणाले, "कालची घेऊ नको, ती जरा दमट आहेत. परवाची ने."

फोलपटं न्यायच्या आधी मी ती चाळून घेतली. सुपात घेऊन, मऊ कुंच्यानं एकेक किडा बाजूला केला आणि मागच्या मेंदीच्या कुंपणात सोडून आले. राहीबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "अक्का, हे काय चाललंय? कोंबड्यास्नी किडंच तर आवडत्यात!"

"म्हणूनच! माझ्या फोलपटातला किडा तुझ्या कोंबडीनं खाल्ला तर पाप कुणाला? मला!"

"आन मातीतला खाल्ला तर?"

"तो तुझा आणि तिचा प्रश्न."

ती इतकी हसली, की तिला उचकी लागली. मग मलाही हसू फुटलं. किती वर्षांनी आम्ही दोघी अशा भिंतीच्या एकाच बाजूला होतो!

पंधरा दिवसांत जाळीचा नूर पालटला. राहीबाई सकाळी मूठभर ज्वारी फोलपटांवर फेकायची, की अठराजणी सगळी गादी खालीवर करून ठेवायच्या. आम्ही फक्त मूठ दाबून बघायचो. मुठीतनं सोडल्यावर मोकळं झालं की बरोबर. लाडू झाला की ओल आहे. आणि झाडू? राहीबाईचा हात रोज सकाळी शिवशिवायचा. मी भिंतीवरून ओरडायची, "ठेव तो खाली!" शेवटी ती बिचारी जाळीच्या बाहेरचा रस्ताच दोनदा झाडू लागली.

सगळं जमलं, पण एक कोपरा जमेना. भिंतीला लागून हातभर जागा. तिथं रोज लाडू. रोज आम्ही ती ओली फोलपटं काढायचो, कोरडी टाकायचो, चुना भुरभुरायचो, आणि दुसऱ्या दिवशी परत चिखल. तेवढ्या कोपऱ्यातनं तो वास यायचाच, आणि येऊन सरळ माझ्या सोप्यात. मी राहीबाईवर खेकसायची, "पाण्याचं भांडं तिकडं ठेवतेस ना? खरं सांग!" ती म्हणायची, "न्हाई वं." आणि मान खाली घालायची. मला वाटायचं, खोटं बोलते.

बघता बघता चतुर्थी आली. घराघरात गणपती बसले. दुसऱ्या दिवशी आमची पंचमी, आणि संध्याकाळच्या गाडीनं ब्राह्मी येणार होती. मी सकाळपासून देवपूजेचे कपडे धुवायला काढले होते. धोतरं, उपरणी, देवाच्या वेदीवरचं कापड. ती मी साबणानं धूत नाही, साबणात काय काय असतं कोण सांगणार? मी रिठे भिजत घालते आणि त्यांच्या फेसात धुते. पूर्ण गल्लीत रिठ्यानं धुणं धुणारी मी एकटी. मोठं टिपाड भरून फेस झाला होता. ते पाणी मोरीत ओतलं, हात पुसले, आणि राहीबाईकडं काय हालहवाल ते बघायला दगडावर चढले.

पलीकडं राहीबाई एकेक कोंबडी पकडून डालग्यात, बांबूच्या टोपलीत, भरत होती. दोन डालगी भरून झाली होती. शेजारी तिची प्रवासाची पिशवी.

"कुठं निघालीस गं?"

"वडूजला." तिनं वर बघितलं नाही. "त्यो कोपरा काय सुकत न्हाई अक्का. पोरगी उपाशी बसनार. मी सबूद दिलावता तुमास्नी."

"दोन दिवसांनी जाशील..."

"न्हाई. आज चतुर्थी हाय. तुमी पंचमी म्हनालावता." आणि मग त्या डालग्यातल्या कोंबड्यांना म्हणाली, "तितं जाऊन भांडू नगासा. माझी भन तापट हाय." तिनं तिसरं डालगं पुढं ओढलं.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी पळत घराला वळसा घातला, तिच्या परड्यात गेले, आणि सरळ त्या कोपऱ्यात वाकले. एकदाच बघू तरी, हे पाणी येतंय कुठनं! मूठभर फोलपटं उचलली. ओली, गार. आणि त्यांच्यावर पांढरा फेस.

भिंतीच्या बुडातनं, एका विटेच्या फटीतनं, बुडबुडे येत होते. एक फुटायचा, दुसरा यायचा. मी मूठ नाकाशी नेली. रिठा.

चाळीस वर्षं माझा समज, की माझ्या मोरीचं पाणी भिंतीकडेनं गटारीला जातं. जात होतं भिंतीखालनं राहीबाईकडं. माझी मोरी फुटलेली. माझं धुणं, माझी भांडी, माझं शुद्धीचं दहा बादल्या पाणी, सगळं तिच्या कोंबड्यांच्या अंगणात. घाण कोंबड्यांची होती, पण कुजवत होते मी. आणि दगडावर चढून बोंबा मारत होते तीही मीच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"राहीबाई," मी म्हणाले, "तुला ठाऊक होतं?"

तिनं पदराला हात पुसले. "व्हय."

"कधीपासून?"

"चार वरसं झाली आसतील. आदी इतं नुस्ती पपई हुती, तिला बरंच पानी मिळायचं. मंग ही जाळी झाली."

"आणि तू बोलली नाहीस? दोन महिने मी तुला काय काय बोलले, आणि तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस?"

"काय बोलू? तुमी देवाची कापडं धुता त्या पान्यात. देवाचं पानी बंद करा, असं म्या तुमास्नी म्हनू व्हय? माझ्या कोंबड्यांसाटी?"

मला स्वतःची इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की काय सांगू. मग मी उठले, पहिलं डालगं उघडलं आणि कोंबडी माझ्या हातानं बाहेर काढली. हो, माझ्या हातानं. गरम होती. तिचं काळीज धडधडत होतं.

तासाभरात गवंडी आणला. चतुर्थीला तो यायला तयार नव्हता. त्याच्या घरी आरती व्हायची होती. मी त्याच्या दारात जाऊन आरती होईपर्यंत उभी राहिले, टाळ्यासुद्धा वाजवल्या. त्यानं मोरी उकरली, फुटकी वीट काढली, सिमेंट भरलं, पाणी गटारीला वळवलं. राहीबाईनं कोपऱ्यात कोरडी फोलपटं घातली. संध्याकाळी ब्राह्मी आली, मागच्या सोप्यात बसली, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "आज्जी, इथं किती छान शेंगांचा वास येतोय गं!"

दहा दिवस पाऊस थांबला नाही. कोपरा कोरडा. पोरीनं दहाच्या दहा उपवास हसत केले. नवव्या दिवशी तिला गळून आल्यासारखं झालं तेव्हा राहीबाई भिंतीवर डोकं काढून तिला कोंबड्यांच्या भांडणाच्या गोष्टी सांगत बसली, आणि पोरीचा दिवस निघून गेला. पारण्याला अख्खा गाव आला. राहीबाई नवं लुगडं नेसून सगळ्यात पुढं.

पर्व संपलं की आमच्यात क्षमावणी असते. ज्याच्या त्याच्या दारात जायचं, हात जोडायचे, आणि वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा मागायची. माणसांचीच नाही, सगळ्या जीवांची. छत्तीस वर्षं मी राहीबाईच्या दारात हे म्हणत आले आहे. खरं सांगू? म्हणताना मनात असायचं, माझं मेलीचं काय चुकणार आहे! मी म्हणायची, ती "बरं बरं" म्हणायची, आणि आम्ही दोघी भाजीच्या भावावर घसरायचो.

ह्या वर्षी तिच्या उंबऱ्यावर उभी राहिले आणि हात जोडले. दरवर्षीची पाठ वाक्यं सोडून नुसतं म्हणाले, "राहीबाई, चुकलं गं माझं," आणि मला रडू आलं.

तिनं माझे दोन्ही हात धरले. "आवं अक्का, रडताय कशापायी? मी कवाच सोडलं ते." मग डोळे पुसून, तोंड वाकडं करून म्हणाली, "पर मी एकलीनं सोडून काय उपेग? वासासाटी तुमी नाव तर त्येंचं घेतलंवतं."

आणि तिनं जाळीकडं बोट दाखवलं.

मी गेले. नाकाला पदर लावला नाही. फोलपटांच्या गादीवर अनवाणी उभी राहिले, वाकून दोन्ही हात जोडले आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बायांनो, माझं चुकलं. मला क्षमा करा."

अठराजणी उकरत होत्या. एकीनंही मान वर केली नाही.

"खाताना बोलत न्हाईत त्या," राहीबाई मागून म्हणाली. "थांबा जरा."

मग आम्ही दोघी तिथंच थांबलो.